तळाचा सूर

व्हिसल वाजवायला काही अक्कल लागत नाही, असं माझं वर्षानुवर्षं मत होतं. सहा भोकांची पत्र्याची नळी ती, आमच्या स्लायगोत पोरं दप्तरात कोंबून शाळेत नेतात. मग साठी उलटल्यावर मी स्वतः एक तोंडाला लावली, तर असा काही चीत्कार निघाला की आमचा कुत्रा शेकोटीपुढची ऊब सोडून बाहेर पावसात जाऊन बसला.

"फुंकताय कशाला, मिसेस स्कॅनलन?" ऊना म्हणाली. ऊना ही चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी नवशिक्यांना शिकवणारी मुलगी. नवशिके म्हणजे आठ-नऊ वर्षांची पोरं, आणि मी. "नुसता श्वास सोडा. चहा गार करताना फुंकता, त्याहूनही हळू."

"मी चहा गार करत नाही, गरमच पिते. आणि मिसेस स्कॅनलन म्हणू नकोस, सासू आठवते. डेलिया म्हण."

पोरं खिदळली. खिदळू देत. मला काही जत्रेत वाजवायचं नव्हतं. मला एकच धून हवी होती, माझ्या नवऱ्याची. ती एकदा हाताला लागली की मी व्हिसल खुशाल खिडकीतून फेकून दिली असती.

फिन्टन त्याआधीच्या नोव्हेंबरात गेला. जेवताना गेला, बटाटा अर्धा सोललेला राहिला. तरुणपणी तो पबमध्ये वाजवायचा, त्याला ऐकायला लोक लांबून यायचे म्हणे. मी ते पाहिलं नाही. आमच्या लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात गवताचे गठ्ठे बांधायच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली, आणि त्यानंतर तो चारचौघांत कधी वाजवायला बसला नाही. जुने सोबती दारात येऊन विनवायचे. "अर्ध्या हाताचा तमाशा बघायचाय का तुम्हाला?" असं म्हणून तो त्यांना वाटेला लावायचा.

पण रात्रीचं जेवण झालं, मी भांडी घासायला उभी राहिले, की तो मागच्या दाराशी बसून एक जिग, नाचाची उडती धून, वाजवायचा. रोज तीच. मी वळून बघितलं की तो थांबायचा, म्हणून मी कधी वळले नाही. फोनवर धरून ठेवायचा विचार एकदा केला होता, पण त्याला ते कळलं आणि तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. एवढा हट्टी माणूस. तेव्हा ती धून या जगात फक्त एकाच जागी होती, माझ्या कानात. मी गेले की तीही जाणार. हे मला सहन होईना. वर्षश्राद्धाच्या मिस्साला ती चर्चमध्ये वाजवायची, निदान एकदा सगळ्यांनी फिन्टनची धून ऐकायची, असं मी ठरवलं होतं.

"गुणगुणून दाखवा," ऊना म्हणाली. मी दाखवली. अर्धी होते न होते तोच तिचा चेहरा उजळला. "अहो, ही तर सगळ्यांना येते! मी मुलांना हीच शिकवते पहिल्यांदा."

मला राग आला. खरंच आला. इतकी वर्षं मी ती त्याची एकट्याची समजत होते, आणि समोर ती नाक वाहणारी पोरं मान डोलवत होती. त्यातली एक शेंबडी तर लगेच वाजवायलाच लागली.

"फक्त इथं, शेवटाला, तुमचं जरा चुकतंय," ऊना हळुवारपणे म्हणाली. "धून इथं खाली उतरते. तळाच्या सुरावर. सगळी भोकं बंद, आणि श्वास अगदी अलगद."

वाटलं, चुकत असेल. माझा कान काय, भांड्यांच्या खडखडाटात तयार झालेला. मी तिचं ऐकलं.

तळाचा सूर नवशिक्याला छळतो. एक बोट जरी कणभर उचललं तरी आवाज फाटतो, आणि जोर केला की सूर वर पळून किंचाळतो. मी तो उन्हाळाभर घासला. ऊनानं स्वतः वाजवून माझ्या फोनवर ठेवलं होतं, ते मी गाईंना चारा घालताना ऐकायची, गाडीत ऐकायची, झोपताना ऐकायची. ऑगस्टात एके दिवशी तो सूर निघाला. गोल, भरलेला, स्थिर. मी स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून हसले. त्याच्या खुर्चीकडे बघून म्हणालेसुद्धा, "ऐकलंस का रे?"

सप्टेंबरात मी भांडी घासत होते. तोंडात तीच धून चालू होती. शेवट आला, मी खाली उतरले, तळाच्या सुरावर येऊन थांबले, आणि हातातलं ताट तसंच पाण्यात राहिलं.

तो सूर काढायचा तर उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांतल्या एकानं तळाचं भोक झाकावं लागतं. माझं करंगळीशेजारचं बोट महिनोन्‌महिने तेच करत होतं. फिन्टनला ती बोटंच नव्हती. त्यानं तो सूर या घरात एकदाही वाजवला नव्हता. वाजवूच शकला नसता.

मग त्या जागी तो काय करायचा?

मी डोळे मिटले. सिंकपाशी उभी, पाठ दाराकडे, पूर्वीसारखीच. धून सुरू केली. शेवटाला आले आणि डोक्यात ऊना वाजली. पुन्हा सुरू केली. पुन्हा ऊना. मग व्हिसल घेतली आणि ते बोट उचलून धरलं. तिथं दुसराच एक सूर आला. असा होता का तो? असेल. मग तिथं श्वास घेऊन पाहिला, नुसती रिकामी जागा ठेवून. असंही असेल. मग वरच्या सुरावर उडी मारली. तेही खरं वाटलं. तिन्ही खरी वाटली, म्हणजे मला एकही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी मी ऊनाच्या दारात. "पहिल्या दिवशी मी काय गुणगुणले होते? शेवटाला? आठव."

ती गोंधळली. मी सगळं सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. "डेलिया," ती म्हणाली, "मला ओळखीची धून ऐकू आली. मग पुढचं मी ऐकलंच नाही हो."

"पण माझं चुकतंय म्हणालीस ना? मग काय चुकलं होतं?"

"आठवत नाही. बरोबर काय ते सांगायच्या घाईत होते मी." ती रडायला लागली. आता तिची समजूत मीच काढायची. काढली. पोरीचा काय दोष? तिनं मला नीट शिकवलं. इतकं नीट की माझा नवरा पुसला गेला.

नोव्हेंबरात मिस्सा झाला. कम्युनियनचा प्रसाद वाटून झाल्यावर मी उभी राहिले आणि जिग वाजवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चूक न करता. तळाचा सूर चर्चभर पसरला. ऊना मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होती.

नंतर हॉलमध्ये चहा आणि हॅमचे सँडविच होते. बॅटी डर्कन माझ्यापाशी आला. तरुणपणी हा फिन्टनच्या शेजारी बसून फिडल वाजवायचा. डोळे पाणावलेले. "कुणाकडून घेतलीस ही, डेलिया?" त्यानं विचारलं.

आमच्याकडे हे विचारतातच. धून माणसाकडून माणसाकडे येते, आणि ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव सांगायचं. तो माणूस मेला तरी त्याचं नाव असं फिरत राहतं. आणि यात खोटं बोलायचं नसतं. हॉलमधली कुजबुज थांबली. फिन्टनच्या बहिणीनं, मेमीनं, रुमाल हातात तयार धरला होता. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मलाही तेच म्हणायचं होतं. त्यासाठीच तर वर्षभर झिजले होते.

"ऊनाकडून," मी म्हणाले.

"हं," बॅटी म्हणाला. "पोरगी शिकवते चांगलं." आणि त्यानं चहाचा कप उचलला. मेमीनं रुमाल पर्समध्ये ठेवला. कुणीतरी सँडविचची ताटली पुढे केली, मी एक घेतलं आणि खाल्लं. त्या दिवशी फिन्टनचं नाव घेतलं ते फक्त फादरनी.