भिंतीवर काय दिसतंय?

आमच्या स्केलडेनमध्ये दोन माणसांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हवेवर नाही, पाद्रीबुवांच्या प्रवचनावर नाही, लोकरीच्या प्रतीवर तर नाहीच नाही. पण दर शरदात हेच भांडखोर गाव माझ्या सराईच्या माडीवर दाटीवाटीने बसायचं, ते एनोक थिस्टलवुड मास्तरांची व्याख्यानं ऐकायला. पंप, काचा, भिंगं पेट्यांत भरून गावोगाव फिरायचं आणि हवा म्हणजे काय, उजेड म्हणजे काय ते लोकांना दाखवायचं, हा त्यांचा धंदा. मी टॅबिथा ओल्ड्रॉइड, सराईची मालकीण. मला आधी वाटायचं, रिकामटेकडे उद्योग आहेत सगळे.

पण पहिल्याच वर्षी या माणसाने आम्हाला असं पकडलं की विचारू नका. उंच काचेच्या नळीतली हवा त्यांनी पंपाने काढून टाकली आणि म्हणाले, "आता हे नाणं आणि हे पीस एकदम खाली येणार." कळ फिरवली. "आली ना एकदम?" आम्ही सगळे ओरडलो, "हो, हो, एकदम!"

"नीट बघा," मास्तर म्हणाले. नाणं आणि पीस दोन्ही अजून वरच अडकलेली होती. त्यांनी मुद्दामच सोडली नव्हती. "तुम्ही पाहिलंत, की मी म्हणालो म्हणून पाहिलंत? माझ्या व्याख्यानाला यायचं तर एकच अट. जे दिसेल तेच बोलायचं."

अस्सा राग आला होता मला! चारचौघांत मूर्ख बनवलं मेल्याने. पण तेव्हापासून मी एकही व्याख्यान चुकवलं नाही.

यंदा मास्तर आले ते खांदे पाडूनच. मी मटणाचं गरम कालवण पुढ्यात ठेवलं. शेजारच्या खुर्चीवर माझी केसाळ टोपी पडली होती, तिच्यावरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "मांजर बरंच निवलंय हो तुमचं. पूर्वी ओरबाडायचं."

"मास्तर," मी म्हटलं, "ती टोपी आहे."

त्यांनी टोपीवरचा हात काढून घेतला. मग हळूच म्हणाले, "दार लावा, टॅबिथाबाई."

नजर हळूहळू गेली होती. या उन्हाळ्यात तर उजेड-अंधारही कळेनासा झाला होता. यंत्रं हाताच्या सवयीने चालत होती. "कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "आंधळ्याकडून उजेड शिकायला कोण येईल? मला दुसरं काही येत नाही हो. घर नाही, बायको गेली. या पेट्या आहेत आणि तुमच्यासारखी चार गावं आहेत."

"मी कशाला सांगतेय? कालवण गार होतंय, खा आधी," मी खेकसले. रडू यायला लागलं की मी खेकसते, माझा स्वभावच तसा.

आमच्याकडची रीत अशी, की शेवटचं व्याख्यान संपलं की गावाने हात वर करायचे. निम्म्याहून जास्त हात वर झाले तर पुढच्या शरदात तोच माणूस, नाहीतर दुसरा. आणि आमचे औषधवाले लप्टनसाहेब गावभर सांगत सुटले होते, लीड्स शहरात एक तरुण गडी आलाय, विजेच्या ठिणग्या काढून दाखवतो, या म्हाताऱ्याचं तेच ते किती दिवस बघायचं?

शेवटचं व्याख्यान उजेडाचं होतं. खिडकीच्या झडपा लावल्या, एका झडपेला छोटं भोक. मास्तरांनी भोकापाशी तळहात धरला, उन्हाची ऊब लागली तशी तिथे लोलक बसवला. समोरच्या भिंतीवर रंगांचा पट्टा उमटला आणि सगळी माडी गप्प झाली. मास्तर पट्ट्याशेजारी जाऊन बोलायला लागले. काय बोलत होते! पांढऱ्या उन्हाच्या पोटात हे सगळे रंग आधीपासूनच असतात, लोलक ते फक्त वेगळे करून दाखवतो, म्हणाले.

आणि ढग आला.

पट्टा पुसला गेला. खोलीत उरला तो फक्त शेकोटीचा उजेड. मास्तर मात्र रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले, "हा वरचा तांबडा बघा, किती गडद आहे."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. एकेकाच्या लक्षात येत होतं, मला दिसत होतं ते.

तेवढ्यात बेकरीवाली डॉर्कस, जी उभ्या आयुष्यात कुणाला बरं म्हणाली नाही, ती म्हणाली, "अगं बाई, खरंच की! काय सुंदर तांबडा आहे!"

"आणि त्याखाली पिवळा," मास्तर म्हणाले.

"पिवळाधमक!" मागून कोणीतरी म्हणालं.

"मग हिरवा?"

"हिरवागार!" सगळे म्हणाले. दयेपोटीच म्हणत होते बिचारे. मला भरूनही आलं आणि या सगळ्यांचे कान उपटावेसेही वाटले.

मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. स्केलडेन इतकं गोड कधी बोलत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. ते थांबले. माझा आवाज जिकडून यायचा तिकडे त्यांनी तोंड वळवलं. "टॅबिथाबाई, तुम्ही सांगा. भिंतीवर काय दिसतंय?"

मी शब्द दिला होता. पण त्याच्याही आधी त्यांनी अट घातली होती.

"काही नाही," मी म्हणाले. "नुसती भिंत. तिलाही चुना लावायला झालाय. ढग आलाय, मास्तर."

लप्टन ताडकन उभे राहिले. "म्हणजे या माणसाला दिसतच नाही!"

"नाही दिसत," मास्तर म्हणाले. "आधीच सांगायला हवं होतं. भीती वाटली."

"लप्टन, खाली बस," डॉर्कस गुरकावली. लप्टन बसेनात, मास्तर पेटीकडे चाचपडत निघाले, आणि नेमकं तेव्हाच ऊन आलं.

"आला! पट्टा आला!" कोणीतरी ओरडलं. मी तरातरा पुढे गेले, मास्तरांचा हात धरला आणि भिंतीवर ठेवला. "ही तुमची करंगळी, हिच्यावर तांबडा आहे. अंगठ्यावर जांभळा."

"हिरवा कुठे संपतो?" त्यांनी विचारलं.

झालं! "इथे!" "छे, तो निळाच आहे!" "तुझे डोळे तपास!" अख्खी माडी भांडायला लागली. आणि लप्टनसाहेब, अहो, लप्टनसाहेब बाकं ओलांडून पुढे आले, मास्तरांचं बोट धरून जरा सरकवलं आणि म्हणाले, "हे सगळे गाढव आहेत. इथे संपतो."

"असं भांडा," मास्तर म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्यांच्या. "आता कसं खरं वाटतं."

मग झडपा उघडल्या आणि पाद्रीबुवांनी हात वर करायला सांगितलं. हात वर करण्याचा काही आवाज होत नाही. मास्तर त्या शांततेत आपली टोपी हातात धरून उभे होते, आणि काय होतंय ते त्या खोलीत फक्त त्यांनाच कळत नव्हतं.

"टॅबिथाबाई," ते म्हणाले, "काय दिसतंय?"

"सगळे हात वर आहेत."

"लप्टनसाहेबांचाही?"

मी नीट बघितलं. "त्यांचा अर्धा आहे. कोपरापर्यंत."

मास्तर मोठ्याने हसले आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मी सांगितलं ते खरं का, असं त्यांनी दुसऱ्या कोणालाही विचारलं नाही.