कोरड्या पाटाची बारी

शेतात ठिबक बसलं त्या दिवसापासून सासऱ्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. भांडण झालं नाही, आदळआपट नाही. जेवताना मीठ कमी असलं तर ते मांजराला सांगायचे. मांजर सुनेकडे बघायचं, सून मीठ वाढायची, आणि घर आपणच चालवतो असं मांजराला उगाचच वाटायला लागलं होतं.

खरं तर या दोघांचं चांगलं गूळपीठ होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात तिची बाजू घेणारे हे एकटेच. नवरा स्वभावाने गरीब. आई बोलली की आईचं खरं, बायको बोलली की बायकोचं खरं, आणि दोघी एकदम बोलल्या की त्याला बाहेर काहीतरी काम आठवायचं. सासऱ्यांनी मात्र तिला शेतावर नेलं, फावडं कसं धरायचं ते दाखवलं, आणि पाणी पाटात सोडलं की त्याच्या पुढे पळायचं नाही, मागे रेंगाळायचं नाही, बरोबर चालायचं, हे शिकवलं. सासूबाई गेल्यावर तर सगळं शेत दोघांनीच पाहिलं.

पुढे नदी आटत चालली. पाटाचं पाणी उशिरा यायला लागलं, आलं तरी अर्धं वाटेतच जिरायला लागलं. सुनेने ठिबक बसवायचं ठरवलं. सासऱ्यांना विचारायचं तिच्या मनात होतं, पण त्या गडबडीत विचारायचं राहून गेलं. नळ्या आल्या, माणसं आली, आणि एका सकाळी प्रत्येक रोपाच्या बुडाशी थेंब थेंब पडायला लागला. सासरे वाकले, बराच वेळ बघत राहिले. "रोपांना पडसं झालंय का?" एवढंच म्हणाले. ते तिच्याशी शेवटचं बोलणं.

पाणी निम्म्याहून कमी लागायला लागलं आणि घेवडा तर असा आला की वेल मांडवावर मावेनात. सुनेचं म्हणणं खरं ठरलं, पण त्याचं तिला काडीचं सुख नव्हतं. जन्मभर पाण्याबरोबर चाललेला माणूस आता पायरीवर फावडं मांडीवर घेऊन बसून राहायचा. जेवण निम्म्यावर आलं होतं. तिला रात्री झोप लागेना. तिला त्यांची फार आठवण यायची, आणि माणूस समोर बसलेला असताना त्याची आठवण यावी, यासारखं वाईट काही नसतं.

शेवटी ती पाटकऱ्याकडे गेली. पाटाची दारं उघडायची, कोणाची बारी कधी ते घरोघर कळवायचं, हे त्याचं काम. आता पाणी जमिनीखालच्या पाइपातून यायचं आणि पाट ठणठणीत कोरडा पडला होता, पण पाटकऱ्याला कामावरून काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो आपल्या चौकीत बसून शिट्टी पुसत असायचा. सुनेने त्याला सांगितलं की एकदाच घरावरून सायकल न्यायची, शिट्टी वाजवायची आणि उद्या सकाळी बारी आहे असं ओरडायचं. सासरे पाटावर जातील, कोरडा पाट बघतील, भडकतील, घरी येऊन आपल्याला चार शिव्या घालतील, असा तिचा हिशोब होता. शिव्या तरी तिला थेट मिळाल्या असत्या.

पाटकरी आला, ओरडला. सकाळी सासरे उठले, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले, फावडं खांद्यावर टाकलं आणि गेले. दुपारी परत आले ते ताठ मानेने. बूट दाराबाहेर उलटे करून झटकले, पाय खसाखसा धुतले आणि दोनदा वाढून घेतलं. भडकले नाहीत. बोललेही नाहीत. मांजराला मात्र म्हणाले, आज पाण्याला ओढ चांगली होती.

सून गप्प बसली. माणूस जेवतोय ना, मग तोंड कशाला उघडायचं?

पण अशी गोष्ट झाकून थोडीच राहते. शेजारचे कप्तान दुसऱ्याच दिवशी चौकीवर हजर. हे कप्तान आयुष्यात कधी जहाजावर गेले नव्हते. लहानपणी पाटाला पूर आला तेव्हा घरातली मोठी कढई सोडून तिच्यात बसले होते, एवढाच त्यांचा दर्यावर्दीपणा. त्यांच्या मुलाने घरासमोर हिरवळ केली होती आणि वडील भर उन्हात तिच्यावर पाइप धरून अर्धं पाणी रस्त्याला पाजतात म्हणून पाइप काढून घेऊन आपोआप चालणारे फवारे बसवले होते. कप्तानांचं म्हणणं सरळ होतं. त्यांना बारी मिळते, मग मला का नाही? माझी जमीन काय चोरीची आहे?

पाटकऱ्याने त्यांनाही बारी दिली. मग पलीकडच्या बहिऱ्या आजोबांना दिली, मग निवृत्त मास्तरांना. बघता बघता सगळा पाट म्हाताऱ्यांनी भरून गेला. ते मातीची दारं फोडायचे, बांधायचे, सरीच्या कडेने हळूहळू चालत जायचे, शेवटाला पोचले की ओरडून खूण द्यायचे. आणि पाणी नसलं तरी पाण्याची भांडणं सगळी होती. मास्तरांच्या बांधाला भोक पडून खालच्याचं शेत भिजलं म्हणून दोन दिवस अबोला झाला. बहिऱ्या आजोबांवर चोरून पाणी वळवल्याचा आळ आला. पाटकऱ्याचं तर वजन वाढलं, आणि तो परत पूर्वीसारखा लोकांवर खेकसायला लागला. तरण्या पोरांनी आधी हसून घेतलं. मग घरातले म्हातारे वेळेवर झोपतात हे लक्षात आल्यावर तेही मूग गिळून बसले.

एका बारीच्या दिवशी सासरे तापाने फणफणले. तरी उठून बूट शोधायला लागले. नवरा बाजारात टोमॅटो घेऊन गेलेला. सुनेने बूट पलंगाखाली सरकवले, फावडं उचललं आणि न बोलता बाहेर पडली.

पाटावर तिने दार फोडलं. कोणी बघत नाही ना, असं आधी पाहिलं, आणि मग चालायला लागली. सुरुवातीला तिला स्वतःचीच लाज वाटत होती. मधल्या सरीत आल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं, की आपण भरभर चाललोय, आणि तिने पाय आवरता घेतला.

तेवढ्यात कप्तान वरच्या बांधावर येऊन उभे राहिले.

"सूनबाई, वेळ संपली तुमची. पाणी आता माझं."

"काका, शेवटच्या सरीला अजून पोचलं नाही," ती म्हणाली.

कप्तानांनी डोळ्यांवर हात धरून शेवटच्या सरीकडे पाहिलं. तिथे धूळ होती आणि एक सरडा होता. पोचलेलं दिसतंय की, असं म्हणून ते फावडं घेऊन दार बांधायला खाली उतरले. सून दारात आडवी उभी राहिली. ती मघापासून मनात हसत होती, ते हसू कुठे गेलं ते तिलाही कळलं नाही. आमचा माणूस तापात पडलाय म्हणून त्याचं पाणी तोडता का, असं ती बोलली, आणि आणखी बरंच बोलली. मास्तर मध्ये पडले. बहिरे आजोबा दोघांनाही हो म्हणाले. पाटकऱ्याने येऊन पाटात बोट घातलं, बोटाला लागलेली माती हुंगली आणि आज वरूनच पाणी कमी आहे, दोघांनी सांभाळून घ्यावं, असा निकाल दिला. सुनेने फावडं उचललं आणि तणतणत घर गाठलं.

सासरे पलंगावर उठून बसले होते. मांजर पायाशी होतं. त्यांनी मांजराकडे पाहिलं नाही.

"दार बांधून आलीस?"

तिला क्षणभर समजेचना की हे आपल्याला विचारलंय. मग आठवलं. भांडणाच्या भरात दार उघडंच राहिलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"पाणी जपा, पाणी जपा, म्हणून सगळ्या शेताला नळ्या जोडल्यास. आणि दार उघडं टाकून आलीस? सगळं वाहून चाललं असेल आता."

"बाबा, पाटात..." ती थांबली. पाटात पाणी नाही, हे या घरात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. सासरे तिच्याकडे बघत होते. डोळे तापाने लाल होते, पण नजर अगदी स्वच्छ होती. ही काय म्हणणार आहे ते त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि तिने ते म्हणू नये असं त्यांना फार फार वाटत होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

सासऱ्यांनी मान हलवली. पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

"जा, बांधून ये. उभी काय राहिलीस!"

तिने फावडं घेतलं. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता. ती पायऱ्या उतरत होती तेव्हा आतून पुन्हा आवाज आला.

"आणि सावकाश जा गं. ओल्या बांधावरून पाय सटकतो."

बांध पार भेगाळला होता, पाऊल टाकलं की धूळ उडत होती. सून एकेक पाय जपून टाकत गेली.