सोडून दिलेली ओळ

परदेशी नोकऱ्या लावून देणाऱ्या टायवाल्याच्या पिशवीत नऊ पासपोर्ट होते, छत्तीस फोटो, नऊ डॉक्टरी दाखले आणि एकाच मजकुराची नऊ नेमणूकपत्रं. त्याने ती सगळी डेअरीतल्या माझ्या टेबलावर मांडली, फॅट मोजायच्या मशीनशेजारी. पहाटेपासून वारा सुटला होता. दारापुढची लाल माती किटल्यांच्या झाकणांवर बसत होती, आणि दूध घालायला आलेला जो तो शर्टाच्या टोकाने झाकण पुसत आत डोकावत होता.

"वाचा बाई मोठ्यानं," टायवाला म्हणाला. "गावाला तुमच्या तोंडून ऐकायची सवय आहे."

ती सवय मीच लावली होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन गावात परत आलेली मी एकटी. गाव मला फॅटवाली म्हणतं. मी काडीसारखी आहे, म्हणून जरा जास्तच म्हणतं. आठ महिन्यांपूर्वी काकीने चुलतभावाचे कागद माझ्याकडेच आणले. "तू हो म्हण, मगच पाठवते." मी शिक्का पाहिला, सही पाहिली, इंग्रजी तपासलं. इंग्रजी चांगलं होतं. गोदामातली नोकरी दोन वर्षांची होती. व्हिसावर मात्र 'पर्यटक, नव्वद दिवस' असं होतं. टायवाल्याला विचारलं तर म्हणाला, "तिथं उतरलं की बदलून मिळतो." एक नोंद बाकीच्यांत बसत नव्हती. मी ती सोडून दिली आणि काकीला सांगितलं, कागद बरोबर आहेत. त्यानंतर टायवाला चार गावांत सांगत फिरला, "फॅटवालीनं तपासलंय."

परवा भावाचा फोन आला, दुसऱ्याच कुणाच्या तरी नंबरवरून. गोदामातली नोकरी नव्हतीच. विटा वाहतोय. पासपोर्ट मुकादमाकडे. नव्वद दिवस केव्हाच उलटलेत, बाहेर पडला तर पोलीस धरतील. "आईला सांगू नकोस ताई," म्हणाला. मग म्हणाला, "तू वाचलं होतंस ना सगळं?"

मी पहिलं नेमणूकपत्र उचललं.

"यात पगार आहे, पण देणाऱ्या मालकाचं नाव नाही. पासपोर्टातला व्हिसा फिरायला जाणाऱ्याचा आहे, कामाचा नाही. आणि माणसं परदेशी पाठवायचा सरकारी परवाना यांच्याकडे नाही. मी काल परवाना कार्यालयात फोन करून विचारलं."

रांग मोडून लोक दाराशी आले. पंपमिस्त्री सगळ्यांत पुढे; नवांतला एक पासपोर्ट त्याचा. "अगं फॅटवाली, आज उलटं काय वाचतेस? तुमचे पंप आता तुम्हीच उघडा, असं सगळ्या शिवाराला सांगून बसलोय मी!"

टायवाला हसला. "मागच्या वेळी यांनीच वाचलं होतं बरं का. घरातला जाईपर्यंत कागद चांगला. आता शेजारपाजारचे निघाले, तर यांच्या पोटात दुखतंय."

"हो की," मागून कुणीतरी म्हणालं.

काकी रांगेत तिसरी होती. भावाने सांगू नको म्हटलं होतं. पण दुसरा पुरावा माझ्याकडे नव्हता.

"मागच्या वेळीही व्हिसावर हेच लिहिलं होतं," मी म्हणाले. "मला दिसलं होतं. मी ती ओळ वाचून दाखवली नाही. भाऊ गोदामात नाही, विटा वाहतोय. त्याला परत येता येत नाही."

काकीने किटली खाली ठेवली.

"दिसलं होतं तुला?"

"हो."

"मी समोर उभी होते."

"हो काकी."

"मग माझ्या तोंडाकडे बघून बोललीस तरी कशी गं?"

कारण 'मला नक्की माहीत नाही' असं म्हणायची लाज वाटली होती. ते मी आताही बोलले नाही.

पंपमिस्त्रीने ग्रीसचा हात पिशवीवर ठेवला. "पुढच्याला ठेच, मागचा शहाणा. काढ माझा पासपोर्ट."

"दादा, तो ऑफिसात जमा करावा लागतो."

"नाव माझं, फोटो माझा. मग ते पुस्तक तुझ्या ऑफिसात काय अंडी घालणार?"

त्याच्यामागून एकेक हात पुढे आला. शिंपीण पोरं सांभाळायच्या कामाला जाणार होती. तिने पासपोर्ट घेतला आणि पुन्हा हात पसरला. "चारही फोटो दे. माझं तोंड तुला कशाला हवंय?"

टायवाल्याची गाडी गेली, तिची धूळ आत आली. काकी दूध न घालताच घरी गेली. दुपारी मी वकिलातीला तक्रार लिहिली: भावाचा ठावठिकाणा, मुकादमाचं नाव, सोबत त्या व्हिसाची प्रत. संध्याकाळी उत्तर आलं, तक्रार मिळाली.

दुसऱ्या दिवशी काकी रांगेत शेवटी उभी होती. मी तिच्या दुधाचा नमुना ढवळून मशीनला लावला आणि फॅट वाचलं. सहा पूर्णांक चार.

"परत लाव," काकी म्हणाली. आजवर तिने माझा आकडा कधी परत मागितला नव्हता.

दूध घालून झालेले दोघेतिघे दारातच थांबले. मी नवा नमुना घेतला. सहा पूर्णांक चार.

"अजून एकदा."

सहा पूर्णांक चार.