पट्टीला आलेलं पोट

दोन्या फिलोमेनाची झुलती खुर्ची पुढे आली की गुन्हा करत होती आणि मागे गेली की निर्दोष सुटत होती. कारण नव्या फुटपाथवरची पिवळी पट्टी. पट्टीच्या बाहेर फक्त चालायचं. आत जागा उरली ती खुर्चीपुरती, झुलण्यापुरती नाही.

"उद्यापासून खुर्ची घरात, दोन्या," फुटपाथ आखणारा आर्किटेक्ट ओव्हिदियो म्हणाला. "बसायला समोर बाक दिलेत."

"तिथं कोण बसेल, डॉक्टर?" माग्दालेना नदीकाठी वडीलधाऱ्या बाईला दोन्या म्हणतात आणि शिकल्यासवरल्या माणसाला डॉक्टरच, त्याला ताप बघता येवो न येवो.

"का? छान ऊन येतं तिथं."

फिलोमेनाने शेजारच्या न्हाव्याकडे पाहिलं. "ऐकलंस, एवेलियो? ऊन येतं म्हणून बसायचं!"

"बोगोटाचे आहेत ते," एवेलियो समजुतीने म्हणाला. "तिकडे थंडीत ऊन शोधत हिंडतात बिचारे."

फिलोमेना हसली खरी, पण आतून धास्तावली होती. गुडघे गेल्यापासून ती कुणाकडे जात नव्हती. चार वाजता खुर्ची बाहेर काढायची, की गावच तिच्याकडे यायचं. खुर्ची आत गेली तर सोबतीला उरणार एक पोपट, तोही बहिरा.

"तुम्ही बसून दाखवा," ती म्हणाली. "पाच मिनिटं. जमलं तर खुर्ची मीच आत नेते."

ओव्हिदियो दुपारभर तापलेल्या दगडी बाकावर ऐटीत बसला. पहिलं मिनिट हसत काढलं. दुसऱ्या मिनिटाला तो डाव्या अंगावर कलला, तिसऱ्याला उजव्या.

"पलटा आता, खालची बाजू झाली!" एवेलियो ओरडला.

चौथ्या मिनिटाला त्याला अंधारी आली. एवेलियोने त्याला बखोटीला धरून आणलं, फिलोमेनाच्या खुर्चीत टाकलं. तिने गुळाच्या पाण्यात लिंबू पिळून पाजलं. दोन झोके घेतले आणि पठ्ठ्या घोरायला लागला, पट्टीबाहेर लांबलचक पाय पसरून.

तासाभराने जागा झाला तो दचकूनच. "रस्ता अडला असेल!"

"सव्वीस जण गेले," चौकटीला टेकून उभी असलेली फिलोमेना म्हणाली. "एकही अडखळला नाही. बावीस जणांनी थांबून चौकशी केली. मासेवाली तर रडायच्या बेतात होती, इतका तरणा माणूस गेला म्हणून."

ओव्हिदियोने आपला तक्ता काढला. चालणाऱ्यांचा रकाना होता. थांबणाऱ्यांचा नव्हताच. त्याने कडेला पेन्सिलीने एक नवा रकाना आखला. खुर्चीतून मात्र उठला नाही.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. फिलोमेनाच्या दारापुढे पट्टी गोल फुगून बाहेर गेली.

"पोट आलं की हिला," एवेलियो म्हणाला.

"येऊ दे. त्याशिवाय आपल्यातली वाटत नाही."

चार वाजता तिने खुर्ची काढून झुलून पाहिलं. पुढे आली तरी पट्टी चार बोटं लांबच राहत होती. गुन्हा काही होईना. मजाही येईना. फिलोमेनाने इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्ची हळूच पाच बोटं पुढे ओढली.