वळणावरची टणटण

मी एका जुन्या डिझेल पिकअपच्या सायलेन्सरचा पाइप आहे. खरं तर होतो. आता माझं हातभर शेपूट तेवढं उरलं आहे, आणि मित्रांनो, तुमच्याशी बोलतं आहे ते हेच शेपूट. बाकीचा मी वितळलो की अजून कुठल्या ढिगात पडून आहे, मला माहीत नाही. कधी कधी त्या बाकीच्या मला फार हाक मारावीशी वाटते.

कारखान्यात मी आधी सरळ नळी होतो. मग यंत्राने मला दोन ठिकाणी वाकवलं. राग आला होता. पण वाकलो नसतो तर मागच्या अ‍ॅक्सलवरून पार झालो नसतो, हे पुढे कळलं. माझं काम साधं होतं. इंजिनाच्या पोटातला धूर आणि गोंगाट घ्यायचा आणि मागे नेऊन सोडायचा. गाडी पुसताना माझ्यावरून कुणी फडका फिरवत नसे. पण गाडी थांबली की माझ्या उबेला शेजारची मांजर येऊन बसायची, तेवढं कौतुक मला पुरायचं.

गाडीचे मालक दारं आणि चौकटी पोचवायचे. जिथे भिंतींना अजून रंग नसायचा, अशा घरांना आम्ही दारं नेऊन द्यायचो. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो.

एकदा गाडी मागे घेताना बाबांनी मला विटांच्या थप्पीवर आदळलं. माझं शेपूट वाकलं. त्यांनी ते हातोडीने ठोकून सरळ केलं, तारेने बांधलं, पण ते पहिल्यासारखं बसलं नाही. तेव्हापासून गाडीचा वेग कमी झाला की मी चासीच्या पट्टीवर वाजू लागलो. टण् टण् टण्, आणि जरा थांबून आणखी एक टण्. घराच्या अलीकडे एक वळण आहे. तिथे वेग कमी करावाच लागतो. त्यामुळे आम्ही येतोय हे घराला आमच्या आधी कळायचं.

"आलं बाई खटारं," आई म्हणायची आणि चहाचं आधण ठेवायची. मुलगी लहान होती. ती खेळ टाकून पुस्तक उघडायची. वळणापासून फाटकापर्यंत जेवढा वेळ लागे, तेवढ्यात तिच्या चेहऱ्यावर अभ्यास दिसू लागायचा. पोरगी फार अभ्यासू आहे, असं बाबा सगळ्यांना सांगत.

पोरगी मोठी झाली, आणि बाबांना काचबिंदू झाला. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग मधलंही पुसट होत गेलं. एका सकाळी त्यांनी किल्ली मुलीच्या हातात ठेवली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार स्वतःच्या हाताने लावलं. पुन्हा ते त्या बाजूने चढले नाहीत. मी खाली लटकलेला होतो. मला वरचं दिसत नाही. पण त्या बाजूच्या पायरीवर पडणारं त्यांचं वजन मला ओळखीचं होतं. ते मी कितीतरी दिवस शोधत राहिलो.

घरात आता त्यांना कुणी काही करू देईना. सुरी घेतली की आई काढून घ्यायची. शेगडीकडे गेले की, "बसा हो तुम्ही." बसून बसून माणूस किती बसेल? एकच काम त्यांच्याकडे राहिलं, फाटकाचं. घरासमोर चढ आहे. भरलेली गाडी चढावर थांबवायची, उतरायचं, फाटक उघडायचं आणि पुन्हा चढायचं, हा मोठा ताप. म्हणून बाबा फाटकाजवळ खुर्ची टाकून बसत. वळणावर माझी टणटण झाली की उठत, कडी काढत, दोन्ही पल्ले सारत. मुलगी गाडी न थांबवता सरळ आत आणायची.

"या शेठ! काय म्हणतोय धंदा?"

"चाललाय. तुमचा काय म्हणतोय?"

"आमचं एकच गिऱ्हाईक. पण रोजचं आहे हो!"

रोज हेच बोलणं, आणि रोज दोघं हसायची.

इकडे मी मात्र झिजत होतो. गंजाने मला आतून खाल्लं. बाबांनी रंगाच्या डब्याचा पत्रा कापून मला ठिगळं लावली होती, तीही सुटली. नेमकं सीटखाली मला भोक पडलं आणि मागे न्यायचा धूर मी केबिनमध्ये सोडू लागलो. मुलगी काचा खाली करून गाडी चालवायची. संध्याकाळी तिचं डोकं ठणकायचं. मित्रांनो, जिला मी तिच्या बोबड्या बोलांपासून ओळखत होतो, तिलाच मी धूर पाजत होतो. हे मला थांबवता येत नव्हतं.

एका संध्याकाळी गाडीतून उतरता उतरता ती खोकली.

"हा खोकला कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"कसला खोकला? काही नाही हो."

"डोळे गेलेत माझे. कान आहेत."

बाबा गाडीशेजारी उकिडवे बसले, नाक पुढे करून त्यांनी वास घेतला. मग उठले. "काढ तो पाइप. पुढून मागपर्यंत सगळा. ठिगळं पुरे झाली."

नवे पाइप आले. अंगणात गाडी जॅकने उचलून चारी बाजूंनी स्टँडवर टेकवली. माझ्या नटांना आदल्या दिवसापासून तेल पाजलं होतं, तरी मी सोडायला तयार नव्हतो. मुलगी पाठीवर झोपून पाना मारत होती. बाबा तिच्या उशाशी बसून पाने चाचपून देत होते.

"फिरतोय?"

"नाही."

"शिव्या घाल दोन."

"आई ओट्यावर आहे."

"मग हळू आवाजात घाल."

"मला सगळं ऐकू येतंय," ओट्यावरून आई म्हणाली.

शेवटी ग्राइंडर आणला. ठिणग्या उडाल्या आणि मी इंजिनापासून सुटलो. तो क्षण मला नीट सांगता येणार नाही. आयुष्यभर ज्याचा श्वास वाहिला, तो श्वास आता दुसऱ्यात जाणार होता. मला भिंतीला टेकवून उभं केलं.

मुलीने काम चोख केलं. आधी सगळे तुकडे ढिलेच लटकवले, रांगेत आणले, मग पुढून मागे जोडांवरचा एकेक क्लॅम्प आवळत गेली. गाडी सुरू करून प्रत्येक जोडापाशी हात धरून पाहिला. कुठे फूस नाही, कुठे खडखड नाही.

"झोपल्यासारखी चालतेय," बाबा म्हणाले.

सगळं तपासून झालं. फाटक तपासायचं कुणाला सुचलं नाही. की एकाला सुचलं होतं आणि तो बोलला नाही? मी तेव्हा भिंतीपाशी होतो आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, तरी हे मी ठामपणे सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी वळणावर आली. इंजिनाच्या श्वासावरून मला कळलं. बाबांना कळलं नाही. ती रस्त्यावरच्या इतर गाड्यांत मिसळून आली आणि फाटकासमोर चढावर उभी राहिली. बाबा रस्त्याकडे तोंड करून, मान जराशी कलती ठेवून, तिचीच वाट बघत होते. मुलीने थोडा वेळ वाट पाहिली. मग हँडब्रेक ओढून ती उतरली आणि फाटकावरून हात घालून तिने कडी काढली.

"कोण?" बाबा दचकून उठले.

"मीच आहे, बाबा."

"आलीस? मी उघडतो, थांब." त्यांनी दुसरा पल्ला सारायला हात पुढे केला. पल्ला तिने आधीच सारला होता. हात हवेतून गेला.

त्यानंतरच्या संध्याकाळी मुलीने वळणावर हॉर्न वाजवला. बाबांनी फाटक उघडलं, पण म्हणाले, "हॉर्न कशाला? पाहुणी आहेस का तू?" त्या दिवशी शेठ नाही, धंदा नाही. दुसऱ्या दिवशी खुर्ची आत गेली. मुलगी स्वतःच उतरून फाटक उघडू लागली. तिचा खोकला थांबला होता, आणि बाबांचं बोलणंही.

"गाडी सुधारली," आई कपडे वाळत घालताना तिला म्हणाली, "आणि माणूस बिघडला."

मी भिंतीपाशी उभा राहून हे ऐकत होतो. मला परत जायचं होतं. रस्ता हवा होता, ऊब हवी होती, ते वळण हवं होतं. पण माझ्या जागी माझ्याहून चांगला पाइप होता आणि तो तिथेच असायला हवा होता, हेही मला पटत होतं. पटलं म्हणून ओढ काही कमी होत नाही.

भंगारवाला आला. त्याने मला खांद्यावर घेतलं, तेवढ्यात मुलगी बाहेर आली.

"काका, थांबा जरा."

तिने ग्राइंडर लावला आणि माझं ते वाकडं शेपूट कापून घेतलं. बाकीचा मी हातगाडीवरून खडखडत दूर गेलो. तो आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत मी ऐकला. मग तिने वायर ब्रशने माझा गंज घासला, आणि नव्या पाइपाच्या अगदी टोकावर, जिथून धूर बाहेरच पडतो, तिथे मला चढवलं. क्लॅम्प लावला, पण पूर्ण आवळला नाही. पडू नये म्हणून तार बांधली. हात पुसले आणि कुणाला काही न सांगता कामावर निघाली.

संध्याकाळी वळण आलं. वेग कमी झाला. आणि मी वाजलो. टण् टण् टण्. जरा थांबून, टण्.

घरात काहीतरी आपटलं. "अहो, हळू! पडाल!" आईचा आवाज आला. आम्ही चढावर पोचलो तेव्हा दोन्ही पल्ले उघडे होते. गाडी न थांबता आत गेली.

"या शेठ," बाबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "काय म्हणतोय धंदा?"

"चाललाय. तुमचा?"

गाडीच्या कडेवर हात ठेवून बाबा चाचपडत मागे आले. खाली वाकले. सदऱ्याची बाही तळव्यावर ओढून त्यांनी मला धरलं आणि हलवलं. माझी वाकडी बाजू त्यांनी ओळखली असणार. ती त्यांच्याच हातोडीची होती.

"मागचा क्लॅम्प ढिला राहिलाय," ते म्हणाले.

"हो का? उद्या आवळते."

"घाई नाही."

मित्रांनो, जुनं झालेलं, घातक झालेलं जरूर काढून टाका. मीही काढण्याच्याच लायकीचा झालो होतो. एवढंच करा, ते टाकण्याआधी घरात कुणी त्याच्या आवाजाकडे कान लावून बसलं आहे का, ते बघा. असेल, तर हातभर तरी ठेवा.

सरळ रस्त्यावर मी गप्प असतो आणि बाकीच्या मला आठवत राहतो. मग वळण जवळ येतं. क्लॅम्प आवळायचा तो उद्या अजून आलेला नाही.