छत्तीस नंबरची दाढ

दाताच्या दवाखान्यात तोंडात बघतात डॉक्टर आणि लिहिते मी. ते दाताचा नंबर सांगतात, मी चार्टवर त्या दाताला खूण करते. कीड असली तर लाल ठिपका, काढायचा असला तर फुली. नंबर ऐकला की तो मोठ्याने परत म्हणायचा, ही आमच्या धंतोलीच्या दवाखान्यातली जुनी पद्धत. नवे डॉक्टर मोहित आले आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "भावना, ही पोपटपंची बंद. डोकं दुखतं माझं." मी बंद केली. माझा राग काही गेला नाही.

त्या दिवशी उमरेडहून इंदूबाई आल्या होत्या. डॉक्टरांनी मान वाकडी करून फोन खांद्याशी धरला, तोंडात आरसा घातला आणि म्हणाले, "छत्तीस. काढायची." छत्तीस म्हणजे डावीकडची खालची दाढ. मी मुकाट्याने फुली मारली.

इंजेक्शन डावीकडे यायला लागलं तसे इंदूबाईंनी ओठ मिटले आणि वरून पदर धरला.

"इकडची नाही गा. दुखते थे तिकडची. हे काढली त खाऊ कायनं? याच बाजूनं तर खाऊन राहिली मी."

"आजी, दुखणं कधी कधी दुसरीकडेच जाणवतं. चार्टवर लिहिलंय बघा."

"कागद तुमचा असंन. तोंड माह्यं आहे."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "समजव यांना."

मला समजवायचं नव्हतं, बघायचं होतं. "मावशी, मले दाखवा," मी म्हटलं. माझ्यासाठी त्यांनी तोंड उघडलं. डावी दाढ धडधाकट होती. उजवी, सेहेचाळीस नंबरची, काळी पडून पोखरली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी छत्तीसच्या फुलीवर आडवी रेघ ओढली, शेजारी सही केली आणि सेहेचाळीसवर फुली मारली. डॉक्टरांनी आधी चार्ट पाहिला, मग इंदूबाईंचं तोंड. त्यांचा आवाज खाली आला.

"फाड ते पान. नवीन भर."

"नाही फाडणार, सर. चूक झाली ते दिसू द्या."

"नोकरी करायची आहे ना?"

"करायची आहे. म्हणूनच नाही फाडत."

इंदूबाई पदराआडून म्हणाल्या, "मंग, उघडू काय तोंड?"

उजवी दाढ निघाली. इंदूबाई कापूस दाबून, डाव्या गालाला हात लावून बघत बाहेर गेल्या. पान फाईलमध्येच राहिलं.

पुढचा पेशंट खुर्चीत बसला. डॉक्टर म्हणाले, "सोळा."

"सोळा. उजवीकडे, वरची," मी मोठ्याने म्हटलं, आणि ते 'हो' म्हणेपर्यंत कागदाला पेन लावलं नाही.