पाटावरची मूठभर रेती

मी एक जुनी सळई आहे, मित्रांनो. दोन हात लांब, करंगळीएवढी जाड, एका टोकाला अणकुचीदार आणि दुसऱ्या टोकाला बाभळीची मूठ. स्वभावाने मात्र मी पक्की संशयी. वरून जे दिसतं त्याच्या खाली काय दडलं आहे, हे टोचून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. या स्वभावापायी एकदा मला मान खाली घालावी लागली. तीच गोष्ट सांगते.

माझा जन्म अकोल्याच्या जुन्या शहरातला. कापसाच्या जिनिंगमधून भंगारात आलेला गजाचा तुकडा एका लोहाराने तापवला, ठोकला आणि त्याला टोक काढलं. मोर्णा नदीच्या वरच्या अंगाला, पातूरच्या वाटेवरच्या एका गावातून सहदेव बाजाराला आला होता. त्याने मला हातात तोललं, जमिनीत खुपसलं, दोनदा परत ठेवलं आणि मगच घेतलं. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि पैशावर विलायतेच्या राजाचं तोंड होतं.

सहदेवची डांगरवाडी होती. नदी आटली की पात्रातल्या रेतीत चर खणून तो डांगरं, काकड्या, टरबुजं लावी. ओल किती खाली आहे हे पाहायला तो मला रेतीत खुपसे आणि वर काढून माझं अंग कुठवर भिजलं ते बोटांनी मोजी. रेतीचे पट्टे दर वर्षी पाटील वाटून देत. त्या एका पट्ट्यावर सहदेवचं घर चाले.

एका उन्हाळ्यात त्याच्या बायकोचं, मनकर्णाबाईचं, चांदीचं जोडवं वाडीत हरवलं. सहदेवने माझ्या टोकाने सगळा पट्टा पिंजून काढला. जोडवं मिळालं नाही, पण कोणाची तरी पितळी पळी मिळाली. तिथून त्याला नाद लागला. फावल्या वेळी तो मला घेऊन नदीकाठी हिंडे. दगडाला लागले की मी खट्ट वाजते, खापराला लागले की करकरते, आणि धातूला लागले की माझ्या मुठीत बारीक झिणझिण उठते. ती त्याच्या तळहाताला बरोबर कळे. तांब्या, घुंगरू, बैलाच्या गळ्यातली घंटी, काय काय निघे! वस्तू ओळखू आली तर तो ज्याची त्याला नेऊन देई. उरलेल्या वस्तू एका मडक्यात ठेवी.

मनकर्णाबाई कपाळावर हात मारी. “साऱ्या गावचं सापडते तुमाले. माह्या जोडव्याचाच काहून पत्ता नाई?”

वस्तू परत मिळाली की लोक तोंडभरून कौतुक करत, आणि त्याची पाठ वळली की कुजबुजत. एवढं आणून देतो, तर स्वतः किती ठेवत असेल? कोणी म्हणे, जोडवं हे नुसतं निमित्त आहे, खरा शोध गुप्तधनाचा आहे.

एका वर्षी गणपतीचं विसर्जन करून पाटलांची सून सुभद्रा घरी आली, तेव्हा तिच्या बोटात सोन्याची अंगठी नव्हती. श्रावणभर ती हिवतापाने अंथरुणात होती, बोटं पार काड्या झाली होती. अंगठी घाटावरच पडली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर रेती टोचत कोण फिरत होतं? सहदेव आणि मी!

आता एक कबूल करते. त्या सकाळी माझ्या मुठीत झिणझिण उठली होती. सहदेवने रेती उकरून काहीतरी उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि पटकन धोतराच्या कनवटीला लावलं. मडक्यात टाकलं नाही, बायकोलाही दाखवलं नाही. अकरा वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

तिसऱ्या दिवशी महादेवराव पाटलांनी त्याला मडकं आणि मला घेऊन ओसरीवर बोलावलं. मडकं पालथं केलं. पळ्या, घंट्या, तांब्याचे पैसे खळखळले. अंगठी नव्हती.

“इतकं जमवलं, अन् सोनंच तेवढं नाई?” पाटलांची बायको पार्वताबाई म्हणाली.

महादेवरावांनी आवाज चढवला नाही. “सहदेव, सांजपर्यंत अंगठी आणून दे. नाईतर औंदा रेतीचा पट्टा तुले नाई.”

सहदेवचा हात दोनदा कनवटीकडे गेला. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते, की कनवट बघा!

सहदेव दाराशी उभ्या असलेल्या सुभद्रेकडे वळला. “सूनबाई, घाटावर हातानं काय काय केलं, ते आठवा बरं.”

“आरती केली,” ती आठवत म्हणाली. “हळदकुंकू वाह्यलं. मंग पाटावर रेती घेतली.”

गणपतीचा पाट नदीवरून रिकामा आणत नाहीत, मित्रांनो. त्यावर मूठभर रेती आणतात आणि बरकत यावी म्हणून ती धान्यात टाकतात.

“ते रेती कुठी टाकली?”

“जवारीच्या रांजणात, बुडाशी. मंग वरून जवारी भरली.”

“मंग रांजणातच पाहा.”

पार्वताबाई उसळली. “म्हंजे चोर आमच्या घरात? तूच टोचता टोचता अंगठी आत सोडशीन!”

“मी हातबी लावत नाई, माय. सूनबाईनंच टोचावं. मी तिकडं निंबाखाली उभा राह्यतो.”

त्याने मला सुभद्रेच्या हाती दिलं आणि खरंच दूर जाऊन उभा राहिला. मी ज्वारीत शिरले. सर्र. पुन्हा सर्र. सगळ्यांच्या माना रांजणावर वाकल्या होत्या. उगाच मेहनत, मी मनात म्हणत होते, अंगठी तर त्याच्या कमरेला आहे. सातव्या वेळी, पार बुडाशी, माझ्या मुठीत झिणझिण उठली.

“काईतरी लागलं!” सुभद्रेने खांद्यापर्यंत हात घातला. अंगठी बाहेर आली. तिच्या खड्याला अजून रेती चिकटली होती.

“रेतीसंगं आली असन,” पार्वताबाई पुटपुटली. महादेवराव जमिनीकडे पाहत म्हणाले, “पट्टा तुहाच हाय.” चुकलं, असं कोणी म्हणालं नाही. सहदेव “व्हय जी” म्हणाला आणि मडकं भरून निघाला.

घरी येऊन त्याने कनवट सोडली. पुरात वाहून घाटाशी आलेलं, काळं पडलेलं एक जोडवं मनकर्णाबाईच्या तळहातावर ठेवलं.

“अगं माय! कवा सापडलं?”

“काल. दसऱ्याले देणार होतो. पण आज कोणी कनवट पाह्यली असती, तर यालेबी चोरीचंच म्हटलं असतं. ठेव आता तुह्यापाशी.”

मनकर्णाबाईने खाली बसून पाय पुढे केला, आणि सहदेवने जोडवं तिच्या बोटात चढवलं. मग त्याने रोजच्यासारखी तेलाची चिंधी घेतली आणि मला मुठीपासून टोकापर्यंत पुसलं. माझ्या मनात काय आलं होतं हे त्याला कधीच कळलं नाही. ते तेल मला त्या दिवशी फार झोंबलं.

आता सहदेव नाही. माझी मूठ निखळली आहे, आणि त्याच्या अंगणात मी दोडक्याचा वेल धरून उभी आहे. मित्रांनो, जमलं तर मला थोडं तेल लावा, गंजाने अंग खाल्लं आहे. आणि कोणाची कनवट तपासायला निघण्याआधी आपल्या घरचा रांजण एकदा टोचून पाहा. त्या कामाला मी अजून उपयोगी पडेन.